हिंगणीतील वाइनचे तळघर

लाल वाइन जुनी होते म्हणजे नेमके काय होते, याचे एक उत्तर रसायनशास्त्रात आहे आणि दुसरे हिंगणीत. रसायनशास्त्राच्या मते द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेली तुरट द्रव्ये वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतात. जांभळा रंग आधी माणकासारखा आणि मग विटकरी होतो. ताज्या फळाचा वास ओसरतो आणि त्याच्या जागी चामडे, तंबाखू, सुके अंजीर असले प्रौढ वास येतात. हिंगणीच्या मते जी चीज घरात इतकी वर्षे राहूनही कुणी संपवली नाही, तिच्यात पहिल्यापासूनच काहीतरी खोट असणार.

हिंगणी हे वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले, बोर धरणाच्या वाटेवरचे गाव. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला येऊन राहिले, विनोबा पवनारला राहिले, आणि या दोन शेजाऱ्यांचा मान राखून 1970च्या दशकापासून सगळ्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे हिंगणीत जुन्या लाल वाइनचा अभ्यास मुख्यतः सैद्धान्तिक स्वरूपाचा असतो. या अभ्यासाचे साठवण आणि आस्वाद असे दोन भाग पडतात. दोन्हींत गावाची पूर्वतयारी उत्तम आहे. उणीव असलीच तर ती वाइनची.

जुनी होण्यासाठी नावाजलेल्या वाइन फ्रान्स-इटलीतही पुष्कळ आहेत, पण हिंगणीशी सोयरीक जमवायची तर लेबनानच बरा, कारण तिथेही हे काम सोयीचे कधीच नव्हते. बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,000 मीटर उंचीवर द्राक्षे पिकतात. त्याच खोऱ्यातल्या बालबेकला रोमनांनी मद्यदेव बाखुसचे भलेमोठे देऊळ बांधले, ते अजून उभे आहे. खोऱ्यातल्या क्सारा इथे 1857 साली जेझुइट पाद्र्यांनी वाइन करायला घेतली. म्हणजे मद्याला तिथे आधी देव मिळाला आणि मग पाद्री. वर्धा जिल्ह्यात संतमंडळी आली ती थेट दुसऱ्या बाजूने.

लेबनानची सर्वांत गाजलेली जुनी लाल वाइन शातो मुसारची. गॅस्तों होशार यांनी हे घराणे 1930 साली गझीर या गावी सुरू केले आणि त्यांचे चिरंजीव सर्ज यांनी 1959पासून वाइन करण्याचे काम हाती घेतले. द्राक्षबागा बेका खोऱ्यात, तळघर डोंगरापलीकडे गझीरला. ही रचना शांततेच्या काळात नुसती गैरसोयीची होती; 1975 ते 1990 या यादवी युद्धात ती शौर्यकथा झाली. पिकलेली द्राक्षे ट्रकमध्ये घालून तोफांच्या माऱ्यातून डोंगर ओलांडायचा आणि पलीकडे नेऊन तुडवायची, असे चालले. एवढ्या वर्षांत 1976 आणि 1984 हे दोनच हंगाम हुकले. 1984 साली ट्रक वाटेतच अडकून पडले आणि द्राक्षे गझीरची वाट न पाहता ट्रकमध्येच आंबू लागली. ट्रक अडकून माल सडणे विदर्भातल्या संत्रावाल्याला नवे नाही. तो माल बाटलीत भरून जपून ठेवण्याची कल्पना मात्र त्याला कधी सुचली नाही, आणि सुचली असती तर पोलिसांनाही सुचली असती.

मुसारची लाल वाइन काबर्ने सोविन्यों, सँसो आणि कारिन्यां या तीन द्राक्षांची. प्रत्येक जात वेगळी आंबवतात, वर्षभर ओकच्या पिंपात ठेवतात, मग मिसळतात, बाटलीत भरतात आणि तळघरात झोपवतात. बाजारात ती येते सातव्या वर्षी. ब्रिस्टलच्या 1979 सालच्या वाइनमेळ्यात तिच्या 1967च्या हंगामाची एका नामांकित इंग्रज जाणकाराने वाहवा केली आणि तिचे दिवस पालटले. पुढे 1984 साली ‘डिकँटर’ या मासिकाने आपला पहिला वार्षिक मानकरी म्हणून सर्ज होशार यांनाच निवडले; योगायोग असा, की वाइन हुकली तेही हेच साल.

आता या वाइनची खरी गंमत अशी, की पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाहता तिच्यात दोष आहेत. एक म्हणजे तिच्यात उडून जाणारे आम्ल अंमळ जास्त असते, त्यामुळे नाकाला शिरक्याची आणि नखरंगाची चाहूल लागते. दुसरा दोष ब्रेटॅनोमायसीस नावाच्या रानटी यीस्टचा. त्याच्यामुळे वाइनला तबेल्याचा, घामट चामड्याचा वास येतो. इतर कुठल्या बाटलीत हे सापडले तर गिऱ्हाईक ती परत करते. मुसारच्या बाटलीत सापडले की डोळे मिटून घेते. गोठ्याच्या वासासाठी माणसे रांगेत उभी राहतात आणि बाटलीमागे हजारो रुपये मोजतात, ही माहिती हिंगणीत सांगताना सांगणाऱ्याने आधी गोठ्यापासून लांब उभे राहावे.

सिद्धान्तानंतर प्राप्ती. परदेशी वाइनवर भारतात वर्षानुवर्षे 150 टक्के आयात शुल्क राहिले आहे आणि त्यावर राज्याचे कर वेगळे. एवढे मोजूनही महाराष्ट्रात प्यायची तर परवाना लागतो. मुंबई दारूबंदी कायदा 1949चा. नाव बदलून तो आज महाराष्ट्राचा झाला आहे, आणि त्यातली तरतूद अशी, की माणूस पितो तो आरोग्य राखण्यासाठी. कायद्याच्या दृष्टीने राज्यातला प्रत्येक परवानाधारक हा थोडासा रुग्ण असतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

उरलेल्या महाराष्ट्रात ‘वाइन शॉप’ नावाची दुकाने असतात. त्यांत वाइन सोडून बाकी सगळे मिळते. वाइनच्या चार बाटल्या असतात त्या वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या अगदी खाली, उभ्या, धुळीने माखलेल्या. राज्यात वाइन सर्वांत जास्त काळ जुनी होते ती बहुधा इथेच, आणि तीही कुणाच्या मनात नसताना. जानेवारी 2022मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 1,000 चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्यावर मोठा गदारोळ झाला, अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अंमलात आला नाही. आला असता तरी दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळलेलेच होते. शिवाय खेड्यातल्या किराणा दुकानाचे क्षेत्रफळ 1,000 चौरस फूट भरवायचे तर दुकानात मागचे घर, पुढची ओसरी आणि शेजाऱ्याचे खळे धरावे लागते.

समजा, हे सगळे अडथळे नाहीत आणि मुसारची एक बाटली विधिवत हिंगणीत पोचली. साठवणीचे शास्त्र तिच्यासाठी पाच गोष्टी मागते: 12-13 अंश तापमान, 70 टक्क्यांच्या आसपास दमटपणा, अंधार, निश्चलता, आणि बाटली आडवी, म्हणजे बुचाला वाइन लागून ते सुकत नाही. हिंगणीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो. नवतपा लागला की दुपारी बारा ते पाच गाव आपणहून तळघरात गेल्यासारखे होते; रस्त्यावर कुत्रे दिसत नाही. हवा इतकी कोरडी, की दोरीवरचे धोतर पिळता पिळता वाळते. अशा हवेत बूच आक्रसते, वाइन फुगून वर चढते आणि बुचाच्या कडेने बाहेर पडू पाहते. पावसाळ्यात उलटे: बुचावर बुरशी, आणि लेबलावर वाळवीची वस्ती. सात वर्षे तळघरात वाढलेली बाटली इथे सात आठवड्यांत म्हातारी होते, आणि ते म्हातारपण प्रौढ वासांचे नव्हे, नुसते आजारी.

यावर विदर्भाचा स्वतःचा उपाय म्हणजे कुलर. तो खिडकीत बसवतात, जाळीत वाळा भरतात आणि टाकीत पाणी ओततात. तापमान उतरते, दमटपणा वाढतो, वाळ्याचा सुवास फुकट. निकषांपैकी दोन इथे जवळपास पुरे होतात. तिसऱ्यावर, निश्चलतेवर, मात्र कुलर नापास होतो, कारण पंख्याची पाती एकदा खडखडू लागली की भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा नाचते. भारनियमन सुरू झाले की निश्चलता मिळते आणि गारवा जातो. वाइनला दोन्ही एकदम हवे असतात. घरातल्या माणसांनाही हवे असतात, म्हणून कुलरपुढची जागा बाटलीच्या वाट्याला येण्याचा संभव कमीच. घरात आजोबा असतील तर मुळीच नाही.

जमिनीखालचा मार्ग अधिक खात्रीचा. क्साराच्या पाद्र्यांना 1898 साली आपल्या मळ्याखाली रोमन काळातली गुहा सापडली. तिला जोडून सुमारे दोन किलोमीटर भुयारे आहेत आणि त्यांत बाराही महिने गारवा राहतो. कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्याच्या मागावर गेलेल्यांना ही गुहा सापडली, असे तिथे सांगतात. हिंगणीत ही पद्धत वापरू नये. इथून जवळच बोरचा व्याघ्रप्रकल्प आहे. 2014 साली घोषित झालेला, देशातल्या सर्वांत लहान व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. या रानात एखादे जनावर कपारीत शिरले तर त्याच्या मागोमाग जाऊन तापमान मोजण्याची प्रथा नाही. क्साराच्या कोल्ह्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. बोरच्या वाघिणीचे ठाऊक आहे, कतरिना. आणि तिने कुणाला तळघर दाखवल्याची नोंद नाही.

गुहेपेक्षा सोयीचे ते पेव. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खणलेला हा खड्डा तोंडाशी अरुंद, पोटात रुंद, आतून सारवलेला, कडब्याने मढवलेला आणि वरून मातीने लिंपलेला असे. आता ठिकठिकाणी नव्या कल्पनांचे पेव फुटत असले, तरी खणलेली पेवे बहुतेक बुजली आहेत. पण अंधार, निश्चलता आणि गारवा या तिन्ही बाबतींत पेव हे कुठल्याही फ्रेंच तळघराच्या तोडीचे. त्याचा नियमही तोच. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी पेटता कंदील दोरीने सोडत. कंदील विझला तर आत प्राणवायू नाही, थांबावे. ओल धरलेल्या धान्यातून सुटणाऱ्या कर्बवायूचा हा घात. द्राक्षरस आंबतानाही हाच वायू सुटतो, म्हणून युरोपातले वाइनवाले आंबवणीच्या तळघरात मेणबत्ती घेऊन उतरत. एकाच्या डोक्यात ज्वारी, दुसऱ्याच्या डोक्यात वाइन. जीव वाचवण्याची युक्ती एकच.

जमिनीत पुरून ठेवण्याची आणखी एक परंपरा जिल्ह्यात जिवंत आहे, पण ती सायंकाळनंतरची आहे. नाल्याच्या काठी, झुडपांआड, मोहफुले आणि पाणी भरलेले ड्रम जमिनीत गळ्यापर्यंत गाडतात. या मालाला ‘मोहा सडवा’ म्हणतात. सावली, मातीचा गारवा, अंधार आणि शांतता अशी सारी पथ्ये त्यात पाळलेली असतात. फक्त सात वर्षांच्या ठिकाणी जेमतेम सात दिवस. हा फरक धीराच्या अभावामुळे पडत नाही. पोलीस ‘वॉश आऊट’ नावाची मोहीम काढतात, तिचे वेळापत्रक कुणाला आधी कळवत नाहीत, म्हणून पडतो.

धीराची कमतरता असती तर लोणचे झाले नसते. ज्या घरात चिनी मातीच्या बरणीला दादरा बांधून, ती अंधाऱ्या खोलीत कोपऱ्यात ठेवून, ‘अजून मुरलं नाही’ एवढ्या वाक्यावर अख्ख्या कुटुंबाला महिनोन्‌महिने थोपवून धरता येते, त्या घरात मुसार सहज जुनी झाली असती. ओला चमचा घालू नये, सारखी बरणी हलवू नये, बरणीच्या कोपऱ्यात कुणी विनाकारण जाऊ नये. मुरवणीचे हे नियम वाइनच्या पुस्तकांत पानेच्या पाने घेतात. इथे त्यांना आजीचा एक कटाक्ष पुरतो.

आस्वादाच्या विधीत जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करतात, म्हणजे गाळ तळाशी बसतो. मग बूच हळू काढून, मानेखाली मेणबत्ती धरून, वाइन काचेच्या सुरईत ओततात आणि गाळ मानेपाशी दिसला की थांबतात. तिला वारा लागू देतात. प्याल्यात थोडी घेऊन ती तिरपी धरून रंग पाहतात, घोळवतात, हुंगतात, चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवतात, आणि सर्वांत शेवटी, चाखणारा व्यावसायिक असेल तर, थुंकून टाकतात. एवढे केल्यावर जो शेरा लिहितात त्यात काळी मनुका, सीडरचे लाकूड, सिगारचा डबा, खोगीर आणि तबेला यांचे उल्लेख असतात. हिंगणीच्या वाचकासाठी या शेऱ्याचे रूपांतर करणे अवघड नाही. काळ्या मनुकेच्या जागी आषाढातले टपटप गळलेले जांभूळ घ्यावे. सीडरसाठी आजीची सागवानी पेटी, सिगारच्या डब्यासाठी मे महिन्यात वाळत घातलेला तेंदूपत्ता, खोगिरासाठी पहिल्या पावसात भिजलेली चामडी चप्पल. तुरटपणाला ‘रेशमी’ म्हणतात. हिरडा चघळलेल्या माणसाने या शब्दावर विश्वास ठेवू नये. तबेल्याच्या जागी गोठा, आणि त्यात रूपांतर असे काही नाही.

हे शेरे वाचून मद्याचे वर्णन करणारे गद्य मराठीत नाही, असे वाटण्याचा संभव आहे. ते आहे, आणि त्याला पंचनामा म्हणतात. दोन पंचांसमक्ष ड्रम उघडायचा, वास घ्यायचा आणि लिहायचे: आंबट, उग्र वासाचा मोहा सडवा, अंदाजे इतके लिटर, किंमत अंदाजे इतके रुपये. अतिशयोक्ती नाही, उपमा नाही, खोगीर नाही. वर्ण, गंध, परिमाण आणि मूल्य ही चारही अंगे दोन ओळींत येतात. नंतर एका बाटलीत नमुना काढतात, लाखेची मोहोर करतात आणि रासायनिक विश्लेषकाकडे पाठवतात. जगातल्या काही उंची बाटल्यांच्या तोंडावरही लाखच असते. उरलेला माल जागच्या जागी ओतून देतात. लंडनचा जाणकार घोट थुंकतो, वर्ध्याचा जाणकार ड्रम सांडतो. चाखून मोहात न पडण्याच्या बाबतीत दुसरा वरचढ ठरतो, कारण तो मुळात चाखतच नाही.

यानंतर उरतो तो अपवाद. हिंगणीसारख्या गावच्या माणसाला दारूबंदीचा एकही नियम न मोडता द्राक्षापासून आंबवलेले, गडद तांबूस रंगाचे, वर्षानुवर्षे टिकणारे पेय रीतसर पावती घेऊन मिळू शकते. ते औषधाच्या दुकानात मिळते आणि त्याचे नाव द्राक्षासव. मनुका, गूळ किंवा साखर, मध, आणि आंबवण चालू करण्यासाठी धायटीची फुले. ही धायटी विदर्भाच्या रानात उगवते. वरून दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, लवंग, जायफळ, पिंपळी. मिश्रण तुपाचा हात फिरवलेल्या भांड्यात घालून तोंड लिंपायचे, आणि ते भांडे जमिनीत किंवा धान्याच्या राशीत महिनाभर पुरायचे. या क्रियेला संधान म्हणतात. ते पुरे झाले की नाही हे पाहण्याची रीत अशी: भांड्याला कान लावावा, बुडबुड्यांचा आवाज थांबलेला असावा, फुले तळाशी बसलेली असावीत, आणि तोंडाशी धरलेली पेटती काडी विझू नये. पेवाचा कंदील इथे काडी होऊन आला आहे.

द्राक्षासवातले अल्कोहोल बाहेरून घातलेले नसते, आपले आपण तयार झालेले असते, आणि बाटलीवर तसे छापलेलेही असते. प्रमाण साधारण 5 ते 10 टक्के. म्हणजे बिअरहून सरस, मुसारहून थोडे उणे. मुसारमध्येही अल्कोहोल आपोआपच तयार होते, पण तिथे ही गोष्ट बचाव म्हणून कुणी छापत नाही. परवानाधारक वाइन पितो ती आरोग्यासाठी आणि रुग्ण द्राक्षासव घेतो तेही आरोग्यासाठी. दोघांना वेगवेगळ्या दुकानांत पाठवण्याचे काम कायद्याने फार बारकाईने केले आहे.

जुने ते चांगले, हे मतही आयुर्वेदाला मान्य आहे. नवे मद्य जड आणि दोष वाढवणारे, जुने हलके, भूक वाढवणारे आणि रुची आणणारे, असे चरकसंहिता सांगते. सर्ज होशार यांचे म्हणणेही याहून फारसे वेगळे नव्हते. त्यांनी ते सिद्ध करायला अर्धे शतक घेतले, एवढेच. सरकारी नियमाने मात्र या बाबतीत हात आखडला आहे: आसव-अरिष्टांची मुदत 10 वर्षे. मुसार 7 वर्षांनी बाजारात येते, तेव्हा तिच्याच सोबत जन्मलेल्या द्राक्षासवाची 3 वर्षे उरलेली असतात, आणि त्यानंतर मुसार आणखी 30 वर्षे सुधारत राहते. तेवढ्यापुरता लेबनान पुढे.

चवीच्या बाबतीत निःपक्षपाती निकाल असा: द्राक्षासव गोड आहे, मसालेदार आहे, शेवटी किंचित तुरट आहे, गोठ्याचा वास त्याला बिलकूल नाही. ते मेणबत्तीवर धरून ओतायची गरज नसते, कारण प्लास्टिकच्या बाटलीतून ज्योत दिसत नाही. घोळवायचे असल्यास बाटलीवरच लिहिलेले असते: चांगले हलवून घ्यावे. किती प्यावी, हे मुसारच्या बाटलीवर कुठेही लिहिलेले नसते. द्राक्षासवावर असते: तीन ते सहा चमचे, समभाग पाण्याबरोबर, दिवसातून दोनदा, जेवणानंतर.